विश्लेषण : ‘पेटी’तून घरी आलेले बाळ रात्री का झोपत नाही?

मुदतीआधी जन्मलेले बाळ काही आठवडे एनआयसीयूत काढून घरी येते. वजन वाढलेले असते, तपासण्याही ठीक असतात. मग घरात रात्रीचा दिवस सुरू होतो. शेजारचे मूल तीन महिन्यांचे होताच रात्री सलग झोपू लागले, मग आपले का नाही? ‘आईचे दूध पुरत नसेल’ हा निष्कर्ष लगेच निघतो आणि रात्रीपुरता पावडरचा डबा घरात येतो. अनेकदा कारण वेगळेच असते. बाळाच्या मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ अजून लागलेलेच नसते.

हा प्रश्न मोजक्या घरांचा नाही. २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. त्यांपैकी ३० लाखांहून अधिक भारतातली होती.

मेलाटोनिनचे काम काय?

मेंदूत खोलवर असलेली, तांदळाच्या दाण्याएवढी पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर हे संप्रेरक रक्तात सोडते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ मध्ये गुरांच्या पिनिअल ग्रंथींतून ते वेगळे काढले. मेलाटोनिन गुंगी आणत नाही, ते शरीराला ‘रात्र झाली’ एवढे कळवते. कधी कळवायचे हे हायपोथॅलॅमसमधील पेशींचा छोटा पुंजका ठरवतो आणि त्याला उजेड-अंधाराची खबर डोळ्यांकडून मिळते.

गर्भातल्या बाळाला मेलाटोनिन आईकडून, वारेतून मिळते. आईची रात्र तीच बाळाची रात्र. नाळ कापली की हा पुरवठा बंद होतो. पूर्ण दिवसांच्या बाळातही स्वतःचा ताल दिसायला ९ ते १२ आठवडे लागतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९२ मध्ये बाळांच्या लघवीतून मेलाटोनिनचे प्रमाण तपासले. मुदतपूर्व बाळांत हा ताल बराच उशिरा आला. लवकर जन्मल्याचे आठवडे वजा केले तरी दोन-तीन आठवड्यांचा फरक उरलाच.

हिशेब करून पाहा. ३२व्या आठवड्यात जन्मलेले बाळ आज १३ आठवड्यांचे असेल, तर ४० आठवड्यांच्या मुदतीनुसार ते ८ आठवडे आधी आले. म्हणजे त्याचे ‘दुरुस्त वय’ फक्त ५ आठवडे. शेजारच्या तीन महिन्यांच्या मुलाशी त्याची तुलना करणे चुकीचेच.

एनआयसीयूत रात्र होते का?

मॉनिटरचे आवाज, तपासण्या आणि चोवीस तास दिवे. उपचारांसाठी उजेड लागतोच, पण तो सतत लागतो का? ब्रिटनमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही मुदतपूर्व बाळांच्या कक्षात संध्याकाळी ७ ते सकाळी ७ उजेड आणि आवाज कमी ठेवला गेला. घरी गेल्यावर ही बाळे अधिक झोपली आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. अमेरिकेतील २००४ च्या अभ्यासात, दिवसा मंद उजेड व रात्री अंधार मिळालेल्या बाळांच्या हालचालींत घरी गेल्यावर आठवडाभरातच दिवस-रात्रीचा फरक दिसला. सतत मंद उजेडात ठेवलेल्या बाळांना त्यासाठी तीन ते चार आठवडे लागले. हे अभ्यास लहान आहेत, हे खरे. पण रात्री दिवे मंद करायला आणि पेटीवर कापडी आवरण टाकायला खर्च किती येतो?

रात्रीच्या दुधाचा मुद्दा

आईच्या दुधात मेलाटोनिन असते, रात्री जास्त आणि दिवसा जेमतेम. पावडरच्या दुधात हा चढउतार नसतो. म्हणून बाळ रात्री जागते या कारणासाठी नेमके रात्रीचेच अंगावरचे दूध बंद करणे उलटे पडू शकते. दूध काढून साठवणाऱ्या आईने बाटलीवर तारखेसोबत वेळही लिहावी आणि रात्रीचे दूध शक्यतो रात्री द्यावे. दूध मोजकेच असेल तर मात्र वेळ न पाहता द्यावे. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अशा पेढ्यांत अनेक मातांचे दूध एकत्र होत असल्याने वेळेचा हिशेब राहत नाही. तरीही आईचे दूध उपलब्ध नसताना, वेळेआधी जन्मलेल्या बाळासाठी ते पावडरपेक्षा सरसच.

मग मेलाटोनिनचे थेंब द्यावेत का?

नाही. ऑनलाइन सहज मिळणाऱ्या गोळ्या-थेंब तान्ह्या बाळासाठी नाहीत. मुदतपूर्व बाळांत मेलाटोनिन औषध म्हणून वापरण्यावर संशोधन सुरू आहे, पण ते मेंदूच्या संरक्षणासारख्या उद्देशांनी आणि रुग्णालयाच्या देखरेखीत.

घरी करण्याजोगे साधेच आहे. दिवसा पडदे उघडे, घरात नेहमीची वर्दळ. रात्री दूध पाजताना मंद दिवा, कमी बोलणे आणि मोबाइलचा उजेड बाळाच्या तोंडावर नको. एनआयसीयूत मॉनिटर लावून काही बाळांना पालथे झोपवतात, घरी मात्र उताणेच झोपवावे. बाळ दुधासाठीही जागे होत नसेल, श्वास मध्येच थांबत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तो घड्याळाचा प्रश्न नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे.