घरचा मंगळवार, ऑफिसचा बुधवार

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्यावर ‘कालनिर्णय’ टांगलेलं असतं. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं. आमच्याकडे ते कधी आलं हे आईलाही आठवत नाही. घरं बदलली, खिळे बदलले, कॅलेंडर तेच. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, कामवाल्या बाईंची सुट्टी, सगळं त्या चौकोनांत बॉलपेननं लिहिलेलं. घरातल्या कुणीही यावं, वाचावं, खोडावं.

मला मात्र हे मागासलेपणाचं वाटे. मी हिशेब खात्यातला माणूस. ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्यात तारखांची वही आली, आणि १९९९ साली घरीही कॉम्प्युटर घेतल्यावर माझ्या डोक्यात आलं की दोन्हीकडे एकच वही असावी. त्या काळचा उपाय म्हणजे फ्लॉपी. शर्टाच्या खिशात १.४४ एमबीची ती चकती घालून मी बसनं जात-येत असे. संध्याकाळी ऑफिसची फाइल घरी उतरवायची, सकाळी घरची ऑफिसात. एक दिवस फ्लॉपी घरी विसरली आणि दोन्हीकडे नव्या नोंदी झाल्या, की संपलं. जी फाइल नंतर उतरवली ती राहणार, दुसरीतल्या नोंदी गडप.

म्हणजे नक्कल करणं आणि जुळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दुकानाची खातेवही आणि बँकेचं पासबुक जुळवतो तेव्हा एक फाडून दुसऱ्याची प्रत काढत नाही. ओळीला ओळ ताडून पाहतो. १९९६ साली अमेरिकेत निघालेला ‘पाम पायलट’ हे करी. एका मित्राकडे तो होता. छोट्याशा पाळण्यात ठेवून बटण दाबलं की तो कॉम्प्युटरशी बोलू लागे. गेल्या खेपेचाच कॉम्प्युटर असेल तर फक्त बदललेल्या नोंदी पाही. दुसरा असेल तर एकेक नोंद ताडत बसे. पुढे १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ नावाचं मानक ठरलं, आणि प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा ओळख क्रमांक मिळाला. मीटिंग सोमवारची बुधवारी गेली तरी क्रमांक तोच, म्हणून ती तीच मीटिंग, हे यंत्राला कळतं.

एवढं ज्ञान मला आज आहे. २०११ मध्ये नव्हतं.

तेव्हा फ्लॉपी जाऊन इंटरनेट आलं होतं. घरचं कॅलेंडर मी इंटरनेटवर ठेवलं होतं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन्हींचा मेळ घालणारा एक छोटा फुकट प्रोग्राम बसवला होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एकच फाइल दोनदा आत गेली, आणि प्रत्येक गोष्ट जोडीनं दिसू लागली. दोन मीटिंगा, दोन हप्ते, बायकोचे दोन वाढदिवस. (‘‘साडीही दोनदा,’’ ही म्हणाली.) सगळं निस्तरल्यावर धसका घेऊन मी प्रोग्राम एकमार्गी करून टाकला : ऑफिसचं ते खरं, घरच्यानं त्याप्रमाणे बदलायचं. आणि हे साफ विसरलो.

तीन महिन्यांनी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बुधवार, सकाळी आठ. शनिवारी दुपारी दवाखान्यातून मला मोबाइलवर फोन : डॉक्टरांना बुधवारी जमणार नाही, मंगळवारी आणा. मी ऐटीत घरच्या कॉम्प्युटरवर बुधवारचा मंगळवार केला. कुणाला सांगितलं मात्र नाही. आयत्या वेळी आठवण करून द्यायला कॅलेंडर होतं ना!

सोमवारी ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू झाला. त्याच्याकडे जुना बुधवार होता. मी सांगून ठेवल्याबरहुकूम त्यानं घरच्या मंगळवारावर तो पुन्हा बसवला. दोन्ही कॅलेंडरं छान जुळली. दोन्हीकडे चूक. आणि मार्चअखेरीच्या गडबडीत माझ्या डोक्यातूनही मंगळवार पार निघून गेला.

मंगळवारी साडेनऊला मी टेबलाशी बसलो असताना फोन वाजला. ‘‘आजींना आणलं नाहीत?’’

पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आई ज्या डोळ्यात रविवारपासून मुकाट्यानं थेंब घालून घेत होती, त्या डोळ्यानं तिला आणखी तीन आठवडे धुकंच दिसणार होतं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘अरे, भिंतीवर लिहिलं असतंस तर सूनबाईनं वाचलं असतं.’’ नवी तारीख तिनं हिच्याकडून लाल स्केचपेननं, चौकोन भरून जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून घेतली. तेवढं तिला दिसत होतं.

त्यानंतर मी शहाणा झालो, निदान थोडा. आता मेळ घालतच नाही. खरं कॅलेंडर एकच, इंटरनेटवर. घरचा कॉम्प्युटर आणि मोबाइल त्यातच डोकावतात, त्यातच लिहितात. ऑफिसच्या यंत्रावर बाहेरचं खातं उघडायला मनाई आहे, म्हणून घरचं काम ऑफिसच्या वेळेत आलं की मी स्वतःलाच ऑफिसच्या पत्त्यावर निमंत्रण धाडतो. तारीख बदलली की निमंत्रणही बदलून जातं. सहकाऱ्यांना फक्त ‘वेळ नाही’ एवढंच दिसेल, हेही पाहून घेतलं. आईचा डोळा हा काही खात्याचा विषय नाही.

भाची न्यू जर्सीत असते. तिच्या फोनच्या वेळेला टाइम झोन लावल्यापासून मार्च आणि नोव्हेंबरमधली गफलत थांबली. तिथली घड्याळं पुढे-मागे होतात. आपल्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहांचं.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरला अजून जमलेली नाही. वडिलांची तिथी. ‘दरवर्षी’ असं सांगितलं की तो इंग्रजी तारीख धरून बसतो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते. मग अधिक महिना आला की उडी मारून पुढे जाते. म्हणून नवं ‘कालनिर्णय’ आलं की मी चष्मा लावून स्वयंपाकघरात उभा राहतो, तिथी शोधतो आणि मोबाइलमध्ये उतरवून घेतो. आई पलीकडून विचारते, ‘‘लिहिलंस ना?’’

‘‘लिहिलं.’’

‘‘भिंतीवर?’’