लॅपटॉपची गती : मेमरी कार्ड की रॅम?

दिवाळीच्या चोपडापूजनात रोजमेळ व खातेवही यांच्या शेजारी आता लॅपटॉपही मांडलेला दिसतो. त्यापुढे कुंकवाचे स्वस्तिक रेखणारे आपणच, महिन्याच्या २० तारखेस जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची मुदत संपत आली असता, त्याच्या मंदगतीने हैराण होतो. अशा वेळी कोणी सुचवितो, “खाचेत मेमरी कार्ड घाला, लॅपटॉप पळू लागेल.” दुसरा म्हणतो, “रॅम वाढवा.” यांपैकी खरे कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे, कारण प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याहून अधिक आपल्या हिशेबांचा आहे.

घोटाळ्याचे मूळ शब्दात आहे. रॅमलाही आपण मेमरी म्हणतो व कार्डालाही. दोहोंचे मापही जीबीच. परंतु एकाच तागडीत सोने व तांबे तोलले म्हणून त्यांचे मोल एक होत नाही.

आपल्या मांडवीनजीकच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा दाखला घेऊ. १९१० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून बडोद्याची ग्रंथालयव्यवस्था उभारली. ग्रंथालयात पुस्तके असतात कपाटांत, वाचन होते मेजावर. संगणकाची डिस्क म्हणजे ती कपाटे; रॅम म्हणजे मेज. मेज लहान असेल, तर एक पुस्तक मांडण्यासाठी दुसरे परत ठेवून यावे लागते. मेमरी कार्ड म्हणजे मेजाजवळ आणून ठेवलेले एक छोटे फडताळ. त्याने खेपा थोड्या आखूड होतात. मेज मात्र तसूभरही वाढत नाही.

फडताळाची ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर ‘रेडीबूस्ट’ नावाची सोय आली. तिच्यायोगे वारंवार लागणाऱ्या माहितीची नक्कल कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर राही. फिरत्या डिस्कला हवी ती जागा गाठण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. कार्डात फिरणारे काहीच नसल्याने विखुरलेले लहान तुकडे त्यातून लवकर मिळत. ५१२ एमबी रॅमच्या त्या काळातील यंत्रांस त्याने काहीसा दिलासा मिळाला. परंतु रॅमचे उत्तर सेकंदाच्या सुमारे कोट्यंशात येते. सामान्य यूएचएस-१ कार्डाचा मार्ग सेकंदाला फार तर १०४ एमबी वाहतो. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी २५ जीबीहून अधिक वाहू शकते. आणि ज्या लॅपटॉपात एसएसडी आहे, त्याची कपाटेच फडताळाहून चपळ. तेथे कार्डाचा उपयोग नाही.

आमच्या पेढीवरील एका जुन्या लॅपटॉपवर आम्ही दोन्ही उपाय करून पाहिले. कार्डाने हिशेबाचा प्रोग्राम उघडण्यास किंचित कमी वेळ लागला, एवढेच. हिशेब, एक्सेल व ब्राउझर एकदम उघडताच पूर्वीचीच रखडपट्टी! रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, तेव्हा ती थांबली.

म्हणून खर्चापूर्वी निदान करावे. नित्याची कामे उघडी असता कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात; टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी सतत काठोकाठ दिसल्यास रॅम वाढवावी. मेमरी मोकळी, पण डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसल्यास फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. रॅम घेताना मात्र दोन गोष्टी पाहाव्यात : डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही, आणि कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम मूळ पट्टावरच जोडलेली असल्याने वाढविता येत नाही.

मग घरातील कार्ड टाकून द्यावे काय? मुळीच नाही. त्यावर हिशेबाची नियमित नक्कल घ्यावी व ते पेढीपासून दूर, घरी जपून ठेवावे. मात्र एवढीशी वस्तू हरवते, बिघडतेही. म्हणून ती एकमेव प्रत असू नये. गती मंदावली तर दिवस वाया जातो. खाती गेली तर वर्षानुवर्षांची देणी-घेणी बुडतात. प्रत्येक वस्तूकडून तिला साजेसेच काम घेणे, हा व्यापाराचा जुना धडा यंत्रासही लागू आहे. सुज्ञ व्यापारीबंधूंस अधिक सांगणे न लगे.