खुशालीचे आकडे

न्यू जर्सीत एडिसनला भाचीकडे उतरलो होतो, तेव्हाची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास जिन्याजवळचं अलार्मचं पॅनेल टुकटुक वाजायला लागलं. सगळं घर दचकून उठलं. पडद्यावर फक्त ‘चेक ०४’. चोर नाही, आग नाही. मागच्या दारावरच्या चार नंबरच्या सेन्सरकडून बराच वेळ काही ऐकू आलं नव्हतं, एवढंच. कारण सकाळी सापडलं. आदल्या दुपारी आलेला स्टीलचा नवा फ्रीज त्या दाराला खेटून उभा केला होता. सेन्सरच्या लहरींच्या वाटेत पत्र्याची भिंतच आली होती.

अलार्म म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भोंगा येतो. पण घरोघरचे अलार्म दूरवरून ऐकणाऱ्या केंद्रात, तिकडच्या भाषेत ‘सेंट्रल स्टेशन’वर, भोंग्याच्या बातम्या थोड्या आणि खुशालीच्या फार. बिनतारी सेन्सर तास-दीड तासाने पॅनेलला हाक देऊन जातो: मी आहे, बॅटरी ठीक आहे. बऱ्याच पॅनेलमध्ये बारा तास हाक आली नाही, की तो सेन्सर हरवला असं धरतात. पॅनेलही ठरलेल्या वेळी केंद्राला आपली हजेरी कळवतं. वाजणं हे या यंत्रणेचं क्वचितचं काम. रोजचं काम, कोण गप्प झालं ते ओळखण्याचं.

त्या रात्री भाचीच्या पॅनेलने केंद्राला काय कळवलं असेल? घराचा खाते क्रमांक २४१७ समजा. मग ती ओळ अशी: २४१७ १८ १३८१ ०१ ००४ ४. ही ‘काँटॅक्ट आयडी’ नावाची बोली, अ‍ॅडेम्को कंपनीने टेलिफोनच्या तारेसाठी बसवलेली. आधी खातं. मग १८, म्हणजे निरोप याच बोलीत आहे. पुढचा १ म्हणजे घटना नवी. तिथे ३ असता तर ‘पूर्ववत झालं’ असा अर्थ. ३८१ म्हणजे बिनतारी सेन्सरचा पत्ता नाही. ०१ हा घराचा विभाग, ००४ हा सेन्सर. घरफोडीला १३०, आगीला ११०, वीज गेली तर ३०१, पॅनेलची बॅटरी उतरली तर ३०२, कोणी लहरींचा गोंगाट करून सेन्सरांचा आवाज दाबत असेल तर ३४४.

शेवटचा एकटा ४ मला फार आवडतो. तो पडताळ्याचा आकडा. सगळे आकडे मिळवले की बेरीज पंधराच्या पटीत यायला हवी, आणि शून्य मोजायचं दहा. (फिरत्या चकतीच्या जुन्या फोनवरही शून्य फिरवलं की दहा टिचक्या पडायच्या.) इथे आधीची बेरीज ७१, त्यात ४ मिळवून ७५. वाटेत एखादा आकडा बिघडला, की हिशेब चुकतो आणि केंद्र निरोप स्वीकारत नाही. फोनवर हे सोळा आकडे जायला दीड सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागे. नीट पोचले की पलीकडून १४०० हर्ट्‌झचा एक लांब सूर यायचा. तंत्रज्ञ त्याला ‘किस-ऑफ’ म्हणतात. तो सूर ऐकू येईपर्यंत पॅनेल निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राही. आता बहुतेक निरोप मोबाइल नेटवर्कवरून किंवा इंटरनेटवरून जातात, पण आत आकडे पुष्कळदा हेच असतात.

शांततेवर नजर ठेवायची ही रीत रेडिओच्या फार आधीची आहे. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी १८५२ मध्ये बॉस्टनला आगीच्या सूचनेची तारयंत्रणा उभारली. रस्तोरस्ती पेट्या, आणि तारेच्या वेढ्यातून सतत वाहणारा वीजप्रवाह. तार तुटली की प्रवाह थांबे, आणि ते थांबणंच कचेरीत कळे. बॉस्टनमध्ये अशा पेट्या आजही रस्त्यावर आहेत.

हवेतून जाणाऱ्या निरोपाला असा वेढा नाही, म्हणून हजेरी घ्यावी लागते. किती वेळाने, हे आगीच्या बाबतीत तिकडे नियमाने बांधलेलं आहे. एनएफपीए ७२ या संहितेच्या २०१३ च्या आवृत्तीने केंद्राशी जोडणारी वाट एकच असेल तर ती तुटल्याचं साठ मिनिटांत कळलं पाहिजे असं ठरवलं. त्याच संहितेतला दुसरा एक नियम मला मोठा शहाणपणाचा वाटतो: वीज गेल्याची बातमी केंद्राला लगेच द्यायची नाही, एक ते तीन तास थांबून द्यायची. वादळात सारा गाव अंधारात गेला, की हजारो पॅनेल एकदम ३०१ ओरडतील, आणि त्या गलक्यात कुठल्या तरी एका घराचा ११० बुडून जाईल.

मोठा घोर लावला तो मोबाइल कंपन्यांनी. पॅनेल पंधरा-वीस वर्षं सहज टिकतं, नेटवर्क तेवढं टिकत नाही. १८ फेब्रुवारी २००८ पासून जुनी अ‍ॅनालॉग सेवा बंद करायची मुभा कंपन्यांना मिळाली. १ जानेवारी २०१७ ला एटी अँड टीचं टूजी गेलं, २२ फेब्रुवारी २०२२ ला थ्रीजी. दरवेळी तंत्रज्ञांनी घरोघर जाऊन पॅनेलमधले रेडिओ बदलले. ज्या घरी कोणी पोचलं नाही, तिथे पॅनेल भिंतीवर दिवा लावून बसलेलं, आणि ऐकणारं कोणी नाही.

भाचीच्या नवऱ्याने आणि मी मिळून फ्रीज वीतभर पुढे ओढला. दार एकदा उघडलं, लावलं. पडद्यावरचं ‘चेक’ गेलं. तिकडे केंद्रात ओळ उमटली असेल: २४१७ १८ ३३८१ ०१ ००४ २.