कुवेतचे ऊन आणि उतारवयातील अस्थी

ज्या देशातील मित्रिबा या ठाण्यावर २०१६ सालच्या २१ जुलै रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, त्या कुवेतमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळावी, हे प्रथमदर्शनी कोणासही अविश्वसनीय वाटेल. परंतु ज्या उन्हाच्या भयाने तेथील सरकारने जून ते ऑगस्टअखेर भर दुपारी उघड्यावर काम करण्यास मनाईचा हुकूम काढला आहे, त्या उन्हाशी सामान्य माणसाचा संबंध घरापासून मोटारीपर्यंतच उरतो, आणि त्वचेत हे जीवनसत्त्व घडविणारे किरण खिडकीची काच ओलांडून आत येत नाहीत.

सालमिया, अब्बासिया किंवा मंगफ येथील मराठी बिऱ्हाडांत मुलांकडे राहावयास आलेल्या वृद्ध मातापित्यांची अवस्था याहून नाजूक असते. गावी देवळापर्यंतचा फेरा, अंगणातली बैठक, मंडईची खरेदी यांच्या निमित्ताने जे ऊन नकळत अंगावर पडे, ते येथील वातानुकूलित सदनिकेत अंतरते; शिवाय वय वाढले की त्वचेची ते जीवनसत्त्व निर्माण करण्याची शक्तीही मंदावते. सामानाच्या पेटीत मात्र कॅल्शियमच्या गोळ्यांची भरपूर बेगमी असते, आणि तेवढ्याने हाडांचा बंदोबस्त झाला, अशी सर्वांची समजूत असते.

ही समजूत अपुरी आहे. शरीरातील शेकडा ९९ भाग कॅल्शियम अस्थी आणि दात यांच्या खजिन्यात जमा असते; रक्तातील त्याचे प्रमाण ढळू न देणे हृदयाच्या व स्नायूंच्या कार्यास अत्यावश्यक असल्यामुळे, आहारातून आवक घटली, किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी आलेली आवक आतड्यांनी स्वीकारलीच नाही, की परावटू ग्रंथींच्या हुकुमाने या खजिन्यातून उचल सुरू होते. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतर ही उचल विशेष वेगाने होते.

गोळीच्या वेष्टनावरील मजकूर एकवार भिंगाखाली धरून वाचण्याजोगा असतो. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे ठळक छापलेले असले, तरी प्रत्यक्ष कॅल्शियम त्यात ५००च मिलिग्रॅम असते, कारण या क्षारात त्याचा अंश शेकडा ४० एवढाच आहे. (१९६१पर्यंत जेथे रुपयाचे चलन होते आणि जेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, त्या कुवेतचे ते मोतीही मुख्यतः याच क्षाराचे.) कार्बोनेटला जठरातील आम्ल लागते, म्हणून ती गोळी जेवणाबरोबर घ्यावी; ज्यांना आम्लपित्तावरील औषधे नित्य चालू आहेत, त्यांना कॅल्शियम सायट्रेट अधिक मानवते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास शोषणाचे प्रमाण घटत जाते.

पन्नाशीपुढील स्त्रियांना दिवसाकाठी सुमारे १२०० मिलिग्रॅम लागते असे मानतात, परंतु हा आकडा आहारासह धरावयाचा आहे. पेलाभर दुधातून अडीचशेच्या आसपास, शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठातून साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम मिळते; सालीसकट तीळ, दही आणि तेथील कोणत्याही बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मिळणारे लबान हे ताक यांची भर पडली, तर गोळीने भरून काढावयाची तूट फारच थोडी उरते. माझ्या मते हा हिशेब मांडल्यावाचून कोणाही वृद्धाच्या हाती गोळी देऊ नये.

कारण तिचा लाभ सर्वांस सारखा होत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील वृद्धाश्रमांतल्या सुमारे सव्वातीन हजार स्त्रियांवरील चाचणीत कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व एकत्र दिल्याने खुब्याचे अस्थिभंग शेकडा ४३ने कमी झाले. उलट २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, छत्तीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या चाचणीत खुब्याची घनता किंचित सुधारली, पण अस्थिभंग निर्विवादपणे घटले नाहीत, आणि मूत्रपिंडातील खडे मात्र शेकडा १७ने वाढले. पहिल्या स्त्रिया अतिवृद्ध होत्या, त्यांच्या आहारात कॅल्शियम थोडे होते आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची वानवा होती. दुसऱ्या बहुतांशी बऱ्या पोषणाच्या होत्या. सदनिकेत कोंडलेल्या आपल्या आजीची स्थिती पहिलीशी जुळते की दुसरीशी, हे रक्ततपासणी आणि अस्थिघनतेची चाचणी यांवरून वैद्याने ठरवावे. घनता फारच उतरली असेल, तर खनिजांवर भिस्त न ठेवता स्वतंत्र औषधयोजना करावी लागते.

घामावाटे पाणी गमावणाऱ्या त्या हवेत खड्यांचे भय अधिक, तेव्हा गोळीबरोबर पाण्याकडेही लक्ष हवे. थायरॉईडची गोळी सकाळी अनशापोटी घेणाऱ्यांनी कॅल्शियमची गोळी निदान चार तासांच्या अंतराने, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावी.