नारिंगी खुणेची चौदा वर्षं

मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीने ‘माय नेटस्केप’ या आपल्या पानावर एक सोय दिली. संकेतस्थळाच्या मालकाने ताज्या मजकुराची शीर्षकं आणि दुवे ठरावीक पद्धतीने एका फाइलमध्ये लिहायचे आणि ती फाइल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवायची. नेटस्केप ती वेळोवेळी वाचणार आणि ज्याने ते संकेतस्थळ निवडलं असेल त्या वाचकाला एका चौकटीत शीर्षकं दाखवणार. या फाइलचा आराखडा रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांचा. गुहा आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. यंत्राला उमगेल अशा रीतीने माहितीचं वर्णन कसं करावं हा त्यांचा ध्यास होता आणि पहिल्या आवृत्तीवर त्याची छाप दिसते. आरएसएस फीडची ही सुरुवात. दोन वर्षांत, एओएलच्या ताब्यात गेलेल्या नेटस्केपने तिच्यातून अंग काढून घेतलं. फीड मात्र टिकली, कारण ती वापरायला नेटस्केपची गरजच नव्हती.

मला त्या काळाचं खरं मोल इथेच दिसतं. फीड म्हणजे शीर्षक, दुवा, थोडक्यात मजकूर आणि तारीख असलेली साधी फाइल. वाचकाच्या संगणकावरचा फीड रीडर ठरावीक वेळाने ती तपासायचा आणि नवीन काही असेल तेवढं उचलून आणायचा. नसेल तर सर्व्हर ‘बदल नाही’ एवढंच कळवायचा. वाचकाला नाव, ईमेल, पासवर्ड यातलं काही द्यावं लागत नसे. फीड नकोशी झाली तर काढून टाकायची. लेखकाला ते कळतही नसे. क्रम तारखेचा, निवड वाचकाची. डायल-अपवर मिनिटामिनिटाचे पैसे मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही पद्धत फारच सोयीची होती. सगळ्या फीड उतरवून घ्यायच्या, फोनची लाइन मोकळी करायची आणि मग सावकाश वाचत बसायचं.

या साध्या फाइलवरून भांडणं मात्र कडाक्याची झाली. यूजरलँड या सॉफ्टवेअर कंपनीच्या डेव्ह वायनर यांनी डिसेंबर १९९७ मध्येच आपल्या लेखनासाठी असाच एक आराखडा वापरायला घेतला होता. कोणालाही हाताने लिहिता येईल इतकं ते सोपं राहावं, असा त्यांचा आग्रह. दुसऱ्या गटाला गुहांची मूळ दिशा पुढे न्यायची होती, म्हणजे आराखडा वाढवता येईल आणि प्रत्येक विषयाची माहिती त्यात नेमकेपणाने बसवता येईल. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही गटांनी आपापली आवृत्ती जाहीर केली. दुसऱ्या गटात ॲरन स्वार्ट्झ होता, वय वर्षं चौदा. सप्टेंबर २००२ मध्ये वायनर यांनी २.० ही आवृत्ती आणली आणि पुढच्या वर्षी तिचे हक्क हार्वर्डच्या बर्कमन सेंटरकडे सोपवले. तरीही वाद शमला नाही. सॅम रूबी यांच्या पुढाकाराने ‘ॲटम’ हा तिसरा आराखडा उभा राहिला आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याला इंटरनेट मानकाचं रूप मिळालं. दरम्यान २००४ मध्ये मार्क पिलग्रिम यांनी आरएसएसच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या नऊ आवृत्त्या मोजून दाखवल्या होत्या. वाचकाला यातलं काहीच जाणवलं नाही. नऊच्या नऊ आवृत्त्या निमूटपणे वाचणारे प्रोग्राम पिलग्रिम यांच्यासारख्यांनी लिहिले आणि फुकट वाटले. हे श्रम मला त्या भांडणांपेक्षा मोठे वाटतात.

तिकडे ब्राउझरही बदलत होता. संपूर्ण पान पुन्हा न मागवता त्यातला एखादा भागच ताजा करायची युक्ती मायक्रोसॉफ्टने आउटलुकची वेब आवृत्ती घडवताना शोधली आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये घातली. पुढची काही वर्षं तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. मग १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी आपल्या लेखात या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये आलेला गूगल रीडर याच तंत्रावर उभा होता. ब्राउझरमधून फीड वाचण्याची सोय त्याआधी २००३ पासून ब्लॉगलाइन्सने दिलीच होती, पण रीडरचा वेग वेगळा होता. ‘जे’ दाबलं की पुढचा लेख, ‘के’ दाबलं की मागचा. डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने फायरफॉक्सची फीडची खूण स्वीकारली. नारिंगी चौकोनातला तो पांढरा ठिपका आणि त्यातून उमटणाऱ्या दोन कमानी. दोन कट्टर प्रतिस्पर्धी एका चिन्हावर राजी झाले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मराठीच्या बाबतीत फीडने केलेलं काम फारसं नोंदलं गेलेलं नाही. शतकाच्या सुरुवातीला अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. फॉन्ट उतरवून घेतला नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसे. फीड रीडर पानाची सजावट आणि फॉन्ट बाजूला ठेवून फक्त अक्षरं उचलतो, त्यामुळे असला मजकूर तिथे वाचताच येत नसे. युनिकोडमध्ये लिहिलेली मराठी मात्र जशीच्या तशी उमटे, कारण फीड ज्या एक्सएमएलमध्ये लिहितात त्याचा पायाच युनिकोड आहे. विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका खुणेने देवनागरी सुरू करावी लागे, बरहा किंवा गमभन वापरून टंकन करावं लागे. ही खटपट केलेला माणूस पुण्याचा असो की न्यू जर्सीचा, त्याचं लेखन जगभरच्या मराठी वाचकांपर्यंत त्याच दिवशी पोचायचं. ‘मराठी ब्लॉग्स डॉट नेट’सारख्या संकलकावर कोणी नवं काय लिहिलं ते एका जागी दिसे, तेही याच फीडच्या आधारे. छापील मासिकाच्या संपादकाकडे कधीच न गेलेले लेखक मला तिथे भेटले. पाककृती, प्रवास, दुर्गभ्रमंती, कविता, संगणकाच्या अडचणी, सगळं तारखेच्या क्रमाने, एकाखाली एक.

पैशाचं गणित मात्र फीडला कधीच सुटलं नाही. जाहिराती पानावर असत आणि वाचक तर पानावर न येताच वाचून मोकळा होई. म्हणून अनेक प्रकाशकांनी फीडमध्ये पहिल्या चार ओळीच द्यायला सुरुवात केली. आपले वाचक किती, हेही त्यांना नीट कळत नसे. ती मोजदाद करून देणारी आणि फीडमध्ये जाहिराती घालणारी फीडबर्नर ही शिकागोची कंपनी २००७ मध्ये गूगलने विकत घेतली. त्याआधी, सप्टेंबर २००६ मध्ये, फेसबुकने न्यूज फीड आणली होती. तिथे वाचक कोण, तो कुठे थांबतो, काय टाळतो, हे सगळं कंपनीला दिसत होतं, आणि काय वर दाखवायचं हेही कंपनीच ठरवत होती. जाहिरातदाराला यापेक्षा वेगळं काय हवं असणार? फीडमधला वाचक अनोळखी राहू शकत होता. तिचं बळ तेच होतं आणि बाजारात ती मागे पडली तीही त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट घडली, ती आपण वाचकांनी घडू दिली. फुकट आणि वेगवान म्हणून जो तो गूगल रीडरवर गेला आणि स्पर्धकांचं बळ आटलं. कोणा एकाच्या मालकीची नसलेली व्यवस्था अशी एका कंपनीच्या दारात येऊन थांबली. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगल प्लस या आपल्या समाजमाध्यमासाठी रीडरमधली आपसात लेख वाटण्याची सोय काढली गेली. मार्च २०१३ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली, लाखावर लोकांनी विनंतीपत्रावर सह्या केल्या, आणि १ जुलै २०१३ रोजी रीडर बंद झाला. त्याआधीच्या महिन्यात ट्विटरनेही आपल्या आरएसएस फीड थांबवल्या होत्या.

फाइल मात्र मेली नाही. फीडमध्ये ध्वनिफीत जोडण्याची सोय वायनर यांनी डिसेंबर २००० च्या आवृत्तीतच घातली होती. ॲडम करी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. जून २००५ मध्ये ॲपलने ती आयट्यून्समध्ये घेतली आणि पॉडकास्ट घराघरांत गेलं. आजही बहुतेक पॉडकास्टच्या मुळाशी हीच फाइल असते, म्हणून एकच मराठी पॉडकास्ट वेगवेगळ्या ॲपवर ऐकता येतं. वर्डप्रेसवर चालणाऱ्या बहुतेक संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमनमध्ये ‘फीड’ लिहिलं, तर ती आजही उघडते. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही अशी फीड आहे. फुकट मिळणारा एखादा रीडर उतरवून घ्यावा आणि आवडत्या चार-पाच लेखकांपासून सुरुवात करावी.