खिडकीची झडप : सागवान, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी?

कोल्हापूरच्या जुन्या वाड्यांतील सागवानी झडपा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. सागाच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. मात्र पावसाळ्यात लाकूड थोडे फुगते, म्हणून वेळोवेळी तेल वा रंग द्यावा लागतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, परंतु त्यातून उष्णता लाकडापेक्षा हजारपटीने सहज वाहते. पश्चिमेच्या खिडकीस ते टाळावे. यूपीव्हीसी उष्णता लाकडाइतकीच रोखते, वाळवीचेही भय नाही. मात्र मोठ्या झडपेत आत पोलादी पट्टी आहे का, ते पाहावे. 2019 व 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी पेठांत शिरले. अशा भागात तळमजल्यास साधे प्लायवूड नकोच. दर पाहताना वीस वर्षांचा रंगकामाचा खर्चही हिशेबात धरावा; स्वस्त काय, ते तेव्हाच कळेल.