डागी चांदी

पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या ग्रंथात चांदीविषयी लिहिताना एक नवलाची गोष्ट नोंदवून ठेवतो. खोटं नाणं ओळखण्याची विद्या शिकता यावी म्हणून लोक देनारियस या चांदीच्या नाण्याच्या बनावट प्रती मुद्दाम विकत घेतात आणि अशा एका नाण्यापोटी कित्येक खरी नाणी मोजतात. प्लिनी इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. म्हणजे सदोष नाण्याला निर्दोष नाण्याहून जास्त भाव मिळण्याची ही हकीकत जवळजवळ साडेएकोणीसशे वर्षांपूर्वीची. त्याच्याही आधी सम्राट ऑगस्टस सॅटर्नेलियाच्या सणाला आप्तमित्रांना जुन्या राजांची आणि परमुलखातली नाणी भेट देत असे, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. नाणी जमवण्याचा हा छंद जुनाच आहे. आजच्या लिलावांच्या चकचकीत कॅटलॉगांनी मात्र त्याला एक वळण लावलं आहे. नाणं ठशाच्या बरोबर मध्यावर उमटलेलं हवं, कड गोल हवी, सम्राटाच्या नाकावर झीज नको, पृष्ठभागावर टोचा नको. रोमन चांदीच्या बाबतीत मला हे वळण पटत नाही. या नाण्यांमधले बहुतेक दोष म्हणजे त्यांच्यावर काय काय गुदरलं याची नोंद असते, आणि दुर्मीळ नाण्यांच्या बाबतीत तर कित्येकदा तेवढीच नोंद आपल्या हाती उरलेली असते.

देनारियस सुरू झालं ते इ.स.पू. 211 च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या ऐन धामधुमीत. वजन सुरुवातीला साडेचार ग्रॅमच्या आसपास, पुढे पावणेचार-चार ग्रॅमवर स्थिरावलं. आकाराने आपल्या जुन्या पावलीएवढं. घडवण्याची रीत साधी होती. ऐरणीत एक ठसा पक्का बसवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. प्रत्येक नाणं माणसाच्या हातून घडलेलं. हात हलला की चित्र एका बाजूला सरकलं, चकती नीट तापलेली नसली की कड फाटली, ठसा झिजला की अक्षरं पुसट झाली. आधीचं नाणं वरच्या ठशात अडकून राहिलं आणि कारागिराच्या ते ध्यानात आलं नाही, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला उठावाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट उमटे. अशा नाण्यांचे खास संग्राहक आहेत. मला स्वतःला त्यांत टांकसाळीतली ती घाईची दुपार दिसते.

घाईचं सर्वांत मोठं उदाहरण इ.स.पू. 44 मधलं. रोमच्या नाण्यांवर जिवंत माणसाचा चेहरा घालायची रीत नव्हती. त्या वर्षाच्या सुरुवातीला ती मोडली आणि ज्यूलियस सीझरचा सुरकुतलेल्या मानेचा, पुष्पमुकुट घातलेला चेहरा देनारियसवर आला. काहींवर त्याला 'तहहयात हुकूमशहा' म्हटलं आहे. पार्थियावरच्या मोहिमेची तयारी चालू होती, सैन्याला पैसा हवा होता. त्यामुळे ही नाणी भराभर पाडली गेली. त्यांतली बरीचशी वेडीवाकडी आहेत. कुठे कपाळ चकतीबाहेर गेलेलं, कुठे नावाची निम्मीच अक्षरं. सर्वांगसुंदर प्रत बाजारात आली की तिची किंमत डोळे फिरवते. कडेला सरकलेली, एखाद्या सराफाची खूण अंगावर असलेली प्रत तिच्या अंशमात्र किमतीत मिळते, आणि मार्चच्या मध्यात सीझरचा खून होण्याआधीचे ते काही आठवडे दोन्हींत सारखेच असतात.

सराफाच्या खुणांविषयी थोडं थांबून लिहायला हवं. प्रजासत्ताकाच्या काळातल्या देनारियसवर बारीक चंद्रकोर, ठिपका, अक्षर अशा टोचलेल्या खुणा वारंवार दिसतात. काहींवर छिन्नीचा सरळ घाव असतो. नाणं आतून चांदीचंच आहे ना, हे पाहण्याचे हे उपाय. तशी गरजही होती, कारण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी भरपूर होती. इ.स.पू. 85 मध्ये मारियस ग्रॅटिडियानस या अधिकाऱ्याने नाण्यांच्या पारखीचा हुकूम काढला, तेव्हा लोकांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले. पैशावरचा विश्वास उडाला की सामान्य माणूस किती हवालदिल होतो, हे त्या पुतळ्यांवरून कळतं. आज अशा मुलाम्याच्या नाण्याचा पत्रा जागोजागी उडालेला असतो, खालून हिरवट तांबं डोकावतं. कॅटलॉग त्याला शेवटच्या पानांत ढकलतात. ब्रूटसने इ.स.पू. 42 मध्ये पाडलेल्या, दोन खंजीर आणि मधोमध दास्यमुक्तीची टोपी असलेल्या प्रसिद्ध नाण्याच्याही मुलाम्याच्या प्रती सापडल्या आहेत. सीझरच्या खुनाची जाहिरात करणारं ते नाणं. त्याचीही कुणीतरी नक्कल केली, म्हणजे ते लोकांच्या हातांत खेळत होतं, याचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

मार्क अँटनीने ॲक्टियमच्या लढाईआधी, इ.स.पू. 32–31 मध्ये, आपल्या सैन्यासाठी पाडलेली नाणी याच्या उलट टोकाची. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला गरुडध्वज आणि पलटणीचा क्रमांक. चांदी थोडी हलक्या कसाची होती, तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. चांगली चांदी लोक घरात दडवतात आणि हलकी बाजारात सोडतात. त्यामुळे ही नाणी दोनशेहून अधिक वर्षं फिरत राहिली. तिसऱ्या शतकात पुरलेल्या निधींमध्येही ती सापडतात, इतकी झिजलेली की जहाजाची फक्त सावली उरलेली असते. मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांनी सुमारे दोनशे वर्षांनी सहाव्या पलटणीच्या नाण्याची आठवण म्हणून नवी आवृत्ती काढली, तेव्हाही मूळ नाणी लोकांच्या बटव्यांत असणार. क्रमांक वाचता आला तर झीज माफ करावी, असं मी म्हणेन. काही पलटणींचे क्रमांक सहज मिळतात, काही फार दुर्मीळ आहेत, आणि पलटणीचं नावही कोरलेले प्रकार तर आणखी मोलाचे.

काही राजांच्या बाबतीत निवडीला वावच नसतो. ओथो इ.स. 69 मध्ये जेमतेम तीन महिने सम्राट होता. रोमच्या टांकसाळीतून त्याची तांब्या-पितळेची नाणी निघालीच नाहीत, तेव्हा सम्राटांची मालिका पुरी करू पाहणाऱ्याला त्याचं देनारियस घ्यावंच लागतं. स्वेटोनियसने त्याच्या केसांच्या टोपाचा उल्लेख केला आहे आणि नाण्यावरच्या त्या ठराविक लाटांच्या ओळी पाहिल्या की तो पटतो. आदल्या वर्षी आफ्रिकेत नीरोविरुद्ध उठलेल्या क्लोडियस मेसरची चांदीची नाणी त्याहूनही विरळ. आणि 260 च्या सुमारास डॅन्यूबकाठच्या कार्नुंटममध्ये स्वतःला सम्राट म्हणवणारा रेगॅलियानस तर नव्या चकत्याही पाडू शकला नाही. सेव्हेरस घराण्याच्या जुन्या देनारियसवर त्याने आपला ठसा मारून घेतला. त्याच्या किंवा त्याची पत्नी ड्रायँटिला हिच्या नाण्यावर मागच्या सम्राटाचं नाक, कान, अर्धं नाव खालून डोकावत असतं. सौंदर्याच्या हिशेबात ही नाणी ओंगळ ठरतील. पण ड्रायँटिलाचा चेहरा जगात दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

कसाची कहाणी वेगळ्या लेखाचा विषय आहे. थोडक्यात सांगायचं तर नीरोने 64 मध्ये वजन आणि चांदी दोन्ही उतरवली, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली, आणि गॅलिएनसच्या अखेरीस 'चांदीच्या' नाण्यात शेकडा दोन-चार भागच चांदी उरली. यात एक मौज आहे. टांकसाळीत चकतीच्या वरच्या थरातलं तांबं काढून टाकत, म्हणजे नवं नाणं पांढरंशुभ्र दिसे. विसाव्या शतकातल्या चाचण्याही त्या शुभ्रतेला फसल्या. केविन बुचर आणि मॅथ्यू पॉन्टिंग या अभ्यासकांनी नाण्याच्या गाभ्यापर्यंत छिद्र पाडून नमुने घेतले, तेव्हा नीरोच्या देनारियसमध्ये 93 नव्हे, सुमारे 80 टक्केच चांदी असल्याचं दिसलं. जे नाणं अभ्यासासाठी टोचून घेतलं गेलं, त्याची बाजारातली किंमत उतरली असेल. ज्ञानातली भर मात्र मोठी आहे.

नीरोच्या आधीच्या चांदीला आपल्याकडेही मागणी होती. कोईमतूर आणि करूरच्या परिसरात सापडलेल्या देनारियसमध्ये ऑगस्टस आणि टायबेरियसच्या दोन प्रकारांचा भरणा आहे, आणि त्यांच्या देशी नकलाही आढळतात. 'पेरिप्लस' हा खलाशांचा ग्रंथ सांगतो की बारिगाझा, म्हणजे भडोच इथे रोमन सोन्या-चांदीच्या नाण्यांना स्थानिक चलनाच्या बदल्यात नफा मिळे. तिथला राजा म्हणून ज्याचं नाव येतं तो क्षहरात नहपान असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक लिपीतली अक्षरं आहेत. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे त्याच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा निधी सापडला, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले होते. सातवाहनांच्या विजयाची ग्वाही देतात ती हीच बिघडवलेली नाणी. नहपानाचा चेहरा शाबूत राहिलेली नाणी या प्रसंगाबद्दल काहीच बोलत नाहीत.

मग कुठलाच दोष वर्ज्य नाही का? आहे. आपल्या काळातल्या माणसाने घातलेला. जुनी चांदी जमिनीत ठिसूळ होते, आतल्या कणांच्या सांध्यांवर गंज चढतो, आणि अशी नाणी हातातून फरशीवर पडली तर त्यांचे तुकडे होतात. ते दैव म्हणून सोडता येईल. पण काळी साय घासून काढणं, झिजलेले केस कोरणीने पुन्हा उमटवणं, सगळा पृष्ठभाग गुळगुळीत करणं, याने नाण्याची साक्षच बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर स्वतः कोरलेल्या ठशांवर बनावट नाणी पाडून ती लोखंडाच्या किसात घोळून आपल्या घोडागाडीच्या आसाला बांधलेल्या डब्यात ठेवी आणि फेरफटका मारून आणी. त्याच्या नाण्यांवरची झीज अगदी अस्सल दिसे. म्हणून झीज वाचायला शिकणं हे चेहरे ओळखण्याइतकंच गरजेचं आहे.

सगळ्यांत मोठा दोष नाण्यावर दिसतच नाही. नाणं कुठून आलं हे ठाऊक नसणं, हा तो दोष. ब्रूटसच्या त्याच खंजिरांच्या नाण्याची सोन्यातली एक देखणी प्रत 2020 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 32 लाख पौंडांना गेली. पुढे तिची मालकीपरंपरा बनावट असल्याचं उघड झालं आणि 2023 मध्ये ती ग्रीसला परत करण्यात आली. ती मातीतून निघाली तेव्हा शेजारी काय होतं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्याच प्रकारच्या सोन्याच्या दुसऱ्या एका नाण्याला वर भोक आहे. ते 2010 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलं गेलं. कुणीतरी ते गळ्यात घालत असावं. मला विचाराल तर दोन्हींत मी भोकाचंच पसंत करेन.

आपल्याकडे 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ब्रिटनमध्ये 1996 चा निधी कायदा आहे. त्याचं फळ 2003 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चाल्ग्रोव्ह इथे मिळालं. सुमारे 5,000 नाण्यांचा एकमेकांना चिकटलेला गठ्ठा असलेलं मडकं तसंच्या तसं ब्रिटिश म्युझियममध्ये पोचलं. तिथे नाणी सुटी करताना एका सामान्य, नावापुरती चांदी असलेल्या नाण्यावर दाढीवाला चेहरा आणि 'डोमिशियानस' असं नाव वाचता आलं. हा 271 च्या सुमारास गॉलमध्ये औट घटकेचं राज्य केलेला सम्राट. त्याचं असंच एक नाणं फ्रान्समध्ये नाँतजवळ 1900 मध्ये एका निधीत मिळालं होतं, पण पुष्कळ तज्ज्ञांनी ते बनावट ठरवून बाजूला टाकलं होतं. दोन्ही नाणी शेजारी ठेवून पाहिली, तर ती एकाच ठशांच्या जोडीतून निघाली होती. नाँतच्या नाण्यावरचा शंभर वर्षांचा आळ त्याने पुसला गेला, आणि रोमन सम्राटांच्या यादीत एक नाव वाढलं.